दोन पवनचक्क्यांमध्ये किलोमीटरभर जागा असते, मग तिथे जाळं का ओढता येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुजरातच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार अशी तयारी चालू आहे आणि पालघरकडच्या बोटी त्या बाजूला जातात. तुम्हाला सांगण्यात आलं की दोन चक्क्यांमध्ये किलोमीटरभर अंतर असतं, इंग्लंडमध्ये बोटी सर्रास आत जातात, म्हणून काळजीचं कारण नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तिकडचे मच्छीमार अजून कशासाठी भांडतायत?

तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. बोट आत जाऊ शकते का, हा एक. आत जाळं चालवता येतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात असतं. दुसऱ्याचं उत्तर जाळं, प्रवाह, तळ आणि केबल हे सगळं मिळून ठरवतात, आणि तिथे आकड्यातला किलोमीटर फार लवकर संपतो. म्हणून असा प्रकल्प समोर आला की मी नकाशाच्या आधी विचारतो: तिथे कुठलं जाळं चालतं, किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या दिशेने?

आधी कायदा. १९८२च्या आंतरराष्ट्रीय समुद्री कायदा करारानुसार समुद्रातल्या बांधकामाभोवती साधारणपणे जास्तीत जास्त ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र आखता येतं. मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरमुळे तुमच्याकडच्या तांडेलांना हा आकडा पाठ असेल. पण 'जास्तीत जास्त' म्हणजे प्रत्येक देश किती वापरतो हे वेगळं. ब्रिटनमध्ये बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती चालू असताना त्या चक्कीभोवती ५०० मीटर, काम अर्धवट थांबलेलं असेल तर बहुधा ५० मीटर, आणि चक्की फिरायला लागली की बहुतेक ठिकाणी मासेमारीला कायद्याने मनाई नसते. बेल्जियममध्ये ३९९ चक्क्यांचा सगळा पट्टा मासेमारी बोटींना बंद आहे. नेदरलँड्सने आधी सगळं बंद ठेवलं होतं. १ मे २०१८ पासून तिथल्या तीन प्रकल्पांमधून २४ मीटरपर्यंतच्या बोटींना दिवसाउजेडी जाण्याची मुभा मिळाली, पण तळाला घासणारी जाळी ओढायला मनाई कायम राहिली. डेन्मार्कमध्ये समुद्रातल्या केबलच्या दोन्ही बाजूंना २०० मीटर पट्ट्यात नांगर टाकायला आणि तळाची जाळी ओढायला बंदी असते. चक्क्यांच्या प्रत्येक रांगेत केबल असते, त्यामुळे ही एकच अट रांगेतली जागा तळाच्या जाळ्यांसाठी जवळजवळ संपवते.

इथे एक साधं गणित करून पाहा. दोन चक्क्यांमध्ये १ किलोमीटर अंतर आहे आणि चालू चक्कीभोवतीही ५०० मीटर लागू केले, तर दोन वर्तुळं एकमेकांना टेकतात. मध्ये काहीच उरत नाही. म्हणून 'अंतर किती' याच्या आधी 'चक्क्या चालू झाल्यावर सुरक्षा क्षेत्र किती आणि केबलभोवती किती' हे विचारायला हवं, आणि तेही लेखी.

आता समजा कायद्याने सगळं खुलं आहे, ब्रिटनसारखं. मध्यम ट्रॉलर १५-१६ वाव पाण्यात तळाचं जाळं ओढतोय. खोलीच्या तिप्पट-चौपट वायर सोडलेली, त्यामागे जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या फळ्या, मग दोर, मग जाळं आणि शेवटी मासा साठतो तो खोळा. बोटीच्या नाळेपासून खोळ्यापर्यंत दोन-अडीचशे मीटरची ही माळ होते आणि फळ्यांमधला फाकवा चाळीस-साठ मीटर. सरळ रेषेत, थांबलेल्या पाण्यात हे किलोमीटरच्या फटीतून आरामात जाईल. पण पाणी थांबलेलं नसतं. बोट ३ नॉटने ओढतेय आणि प्रवाह आडवा २ नॉटचा आहे असं धरा. सरळ रेषा धरायची तर तांडेलाला नाळ चाळीसेक अंशांनी प्रवाहाकडे वळवून चालावं लागतं, आणि जाळं काही बोटीच्या मार्गावरून येत नाही, ते बाजूला ढकललं जातं. बोट रांगेच्या मधोमध दिसते तेव्हा जाळं केबलच्या बाजूला सरकलेलं असू शकतं, आणि ते कुठे आहे हे जाळ्यावर सेन्सर नसेल तर फक्त अंदाजाने कळतं.

यात वळणं धरा. जाळं पाण्यात असताना ट्रॉलर जागच्या जागी वळत नाही. फळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मोठा, संथ फेरा घ्यावा लागतो. चक्क्यांच्या जंगलात तो फेरा कुठल्या तरी रांगेला छेदतो. मग उरतो एकच मार्ग: एका टोकाला जाळं उचलायचं, वळायचं, पुन्हा सोडायचं. तीन-चार तासांची ओढ असेल तर ३ नॉटने ९ ते १२ सागरी मैल होतात. प्रकल्प ओलांडायला पाच-सहा मैलच असतील, तर ओढ अर्धी होते आणि उचलण्या-सोडण्याचा वेळ, विंचचं डिझेल, खलाशांचे हाल दुप्पट. माशाचं प्रमाण तेवढंच असलं तरी धंदा बसतो.

सगळ्यात जास्त भीती मात्र इंजिनाची. २ नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर. दोन रांगांच्या मधोमध इंजिन बंद पडलं तर खांब ५०० मीटरवर आहे, म्हणजे हातात ८ मिनिटं. तेवढ्यात जाळं सोडून द्यायचं, नांगर टाकायचा की नाही ते ठरवायचं, आणि तळाशी केबल आहे हे लक्षातही ठेवायचं. ज्या तांडेलाने पंखा जाळ्यात अडकलेला एकदा तरी पाहिलाय, तो ही आठ मिनिटं मनात मोजतो आणि आत शिरत नाही. विमा कंपन्याही हेच मोजतात. म्हणून आत जायच्या आधी पॉलिसीतल्या अटी वाचाव्यात, अडचण आल्यावर वाचण्यात अर्थ नसतो.

केबलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा वाद शेवटी तिथेच येऊन थांबतो. चक्क्यांना जोडणाऱ्या केबल साधारण १ ते २ मीटर खोल पुरायचं ठरलेलं असतं. ट्रॉलची फळी वाळूत काही सेंटीमीटर आणि मऊ चिखलात वीस-तीस सेंटीमीटरपर्यंत रुतते, म्हणजे कागदावर भरपूर फरक आहे. अडचण अशी की तळ जागेवर राहत नाही. प्रवाहात वाळूचे ढीग सरकतात आणि आज दीड मीटर खाली असलेली केबल काही हंगामांनी उघडी पडू शकते. तळ कठीण लागला किंवा दुसरी केबल आडवी आली की पुरता येत नाही, तिथे वर दगडांची रास घालतात किंवा काँक्रीटच्या गाद्या अंथरतात. ट्रॉलच्या फळीला ही रास म्हणजे अडकायला आयती जागा. खांबाच्या पायाशी पाणी वाळू उकरून नेतं म्हणून तिथेही दगड टाकलेले असतात, आणि केबल खांबातून बाहेर येऊन जमिनीत शिरते त्या टप्प्यात ती थोडी लोंबकळतीही राहू शकते.

म्हणून कंपनीला 'केबल पुरलेली आहे का' एवढंच विचारू नका. किती लांबी पुरली, किती लांबीवर दगड घातले, प्रत्यक्ष खोली मोजल्याचा अहवाल केव्हा मिळेल, पुन्हा मोजणी किती वर्षांनी, आणि दगडांवरून खरं जाळं ओढून चाचणी घेतली का, हे सगळं विचारा. तेल-वायूच्या कामात उत्तर समुद्रात अशा ओढून पाहण्याच्या चाचण्या होतात, पवनऊर्जेसाठी मागणं काही वावगं नाही. आणि माहिती तांडेलाच्या प्लॉटरमध्ये, म्हणजे बोटीवरच्या नकाशाच्या यंत्रात, येईल अशा फाइलमध्ये हवी. ब्रिटनमध्ये केबल आणि चक्क्यांच्या जागा मच्छीमारांच्या प्लॉटरसाठी फुकट दिल्या जातात आणि समुद्रातल्या कामांची पाक्षिक सूचना निघते. छापील पत्रक जेट्टीवर चिकटवून ही गरज भागत नाही.

जाळं केबलला अडकलंच, तर विंचने ताण देत राहू नये. अडकलेल्या वायरवर बोट आपल्याच जोराने कलंडते, उधाणाच्या प्रवाहात तर काही क्षणांत. ताण सोडायचा, अक्षांश-रेखांश टिपायचे, व्हीएचएफ रेडिओवर कळवायचं आणि सुटत नसेल तर वायर सोडून किंवा कापून मोकळं व्हायचं. केबल वाचवण्यासाठी नांगर किंवा जाळं सोडावं लागलं आणि तुम्ही आधी वाजवी काळजी घेतली होती, तर केबलमालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व १८८४च्या केबल करारापासून चालत आलंय आणि १९८२च्या करारातही आहे. त्यासाठी वेळ, जागा, खलाशांच्या सह्या आणि बंदरात आल्या आल्या केलेली नोंद लागते.

रडारचाही एक भाग आहे. पोलादी खांब आणि फिरती पाती रडारवर जोरदार आणि कधी कधी खोट्या खुणा उमटवतात, खांबांच्या मागे सावली पडते. लाकडी किंवा फायबरच्या छोट्या बोटीची खूण आधीच फिकी असते, ती त्यात हरवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०२२च्या अहवालाने हा परिणाम मान्य केलाय. धुक्यात किंवा रात्री आत जायचं की नाही हे तांडेल यावरूनही ठरवतो.

मांडणी नीट केली तर काही वाचतं का? वाचतं, पण ती ठरण्याआधी बोललं तरच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि रोड आयलंडच्या समोर सगळ्या प्रकल्पांनी मिळून चक्क्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण १ सागरी मैल अंतरावर बसवायचं ठरवलं. त्यातल्या व्हाइनयार्ड विंड प्रकल्पाच्या ६२ चक्क्या त्याच चौकटीत आहेत. पूर्व-पश्चिमच का? कारण तिथे ट्रॉलवाले आणि पिंजरेवाले रेडिओवरून जागा कळायच्या त्या जुन्या लोरान यंत्रणेच्या रेषांवर, साधारण पूर्व-पश्चिम पट्टे वाटून मासेमारी करत आलेत. दिशा मच्छीमारांच्या वहिवाटीतून आली, हे महत्त्वाचं. तरीही मच्छीमार संघटनांनी ४ मैलांपर्यंत रुंद जाण्या-येण्याच्या वाटा मागितल्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. तटरक्षक दलाने २०२०च्या अभ्यासात एकसारखी चौकट पुरेशी मानली. वायव्येकडे तिरपं जायचं तर त्या चौकटीत वाट पाऊण मैलाच्या आसपासच उरते.

पिंजरेवाल्यांचं चित्र वेगळं आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बरं आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेसच्या मच्छीमारांच्या गटाने वेस्टरमोस्ट रफ या ३५ चक्क्यांच्या प्रकल्पात लॉब्स्टरचा अभ्यास केला. किनाऱ्यापासून फक्त ८ किलोमीटर, म्हणजे रोजच्या मासेमारीची जागा. बांधकामात ती बंद होती तेव्हा लॉब्स्टर संख्येने आणि आकाराने वाढले. पुन्हा उघडल्यावर बोटी आल्या आणि वाढलेलं ओसरलं. पिंजऱ्यांची मासेमारी चक्क्यांमध्ये चालू राहू शकते हे यातून दिसतं. पण वाढ बंदीच्या विश्रांतीने झाली होती. 'चक्क्यांमुळे मासे वाढतात' असं कोणी सांगितलं तर कुठला मासा, कुठलं जाळं आणि ते जाळं तिथे टाकता येतं का, हे तीनही विचारा. खांबाला चिकटलेल्या कालवांभोवती जमणारा मासा ट्रॉलवाल्याच्या उपयोगाचा नाही.

आणि जो आत जाऊ शकत नाही तो घरी बसत नाही, तो शेजारच्या जागेवर जातो. तिथे आधीच कोणीतरी असतं. ट्रॉलरांची गर्दी प्रकल्पाच्या कडेला होते, पिंजरे आणि गिलनेट तुटतात, भांडणं मच्छीमारांमध्येच लागतात. गेलेल्या चौरस किलोमीटरांच्या नुकसानीत हा भाग मोजलेलाच नसतो. त्यातच एक प्रकल्प कधी एकटा येत नाही: शेजारी दुसरा, मग बंदर, मग जहाजांची वाट, मग संरक्षित क्षेत्र. प्रत्येक अहवाल आपल्यापुरता 'परिणाम किरकोळ' म्हणतो.

तो 'किरकोळ' कसा निघतो हे समजून घ्या. युरोपात मासळीची आकडेवारी बराच काळ अर्धा अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकोनांत गोळा होत आलीय. इंग्लंडच्या पूर्वेला असा एक चौकोन सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा. तिथला हॉर्नसी वन हा पवनचक्क्यांचा प्रकल्प ४०७ चौरस किलोमीटरचा. चौकोनातली मासळी सगळीकडे सारखी पसरली असं धरलं तर प्रकल्पाच्या वाट्याला नवव्या हिश्शाहून थोडं अधिक येतं, मग प्रत्यक्षात निम्मी मासळी त्याच पट्ट्यातून का येत असेना. उपग्रहावरची नोंद १२ मीटरहून लहान बोटींना बरीच वर्षं लागू नव्हती, आणि मोठ्यांची दर दोन तासांनी व्हायची. दोन तासांत ट्रॉलर सहा-सात मैल पुढे गेलेला असतो. छोटी बोट कागदावर दिसतच नाही, आणि जी दिसत नाही तिचं नुकसानही दिसत नाही.

आता तुमच्याकडचं. २०१५च्या समुद्री पवनऊर्जा धोरणानंतर जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉट. गुजरातकडची जागा खंभातच्या आखातात, पिपावावच्या समोर. तिथली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी. मघाचं आठ मिनिटांचं गणित मी २ नॉटवर केलंय. त्या आखातात उधाणाला प्रवाह त्याहून जोरात असतो आणि वेळ त्या मानाने कमी. वाळूचे ढीग सरकणंही तिथे जास्त, म्हणून केबलच्या मोजणीचा आग्रह तिथे दुप्पट धरावा.

जाळ्यांचा विचार करा. ट्रॉलबद्दल बोलून झालं. पापलेटसाठी सोडलेलं वाहतं जाळं किलोमीटर-दोन किलोमीटर लांब असतं आणि तासन्‌तास प्रवाहाबरोबर जातं. ते चक्क्यांच्या चौकटीत शिरलं की खांबाला गुंडाळणारच, म्हणजे त्या जाळ्याला नुसती आतली जागा नाही तर प्रकल्पाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे कित्येक मैलही बंद. डोल जाळ्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. डोल म्हणजे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं; ती प्रवाहावर चालते आणि तिच्यासाठी तळात कव, म्हणजे खुंट, मारावी लागते. पुरलेल्या केबलजवळ खुंट ठोकणं कुठलाही देश मान्य करणार नाही. उत्तर समुद्रात अशी मासेमारी जवळजवळ नाही, म्हणून तिथल्या मार्गदर्शक पुस्तिकांत तिचं उत्तरही नाही. कव मारायच्या जागांवरून वसई, उत्तन, सातपाटीकडे किती वाद झालेत ते तुम्हाला सांगायला नको. त्यात आणखी बोटी मागे सरकून आल्या तर काय होईल, हे अहवालात लिहून घ्यायला लावा.

दोन गोष्टी सभेत सहसा कोणी काढत नाही. एक, बांधकामाचा हंगाम. पावसाळ्यात अरबी समुद्रात पाय रोवून उभी राहणारी जहाजं काम करू शकत नाहीत, म्हणजे सगळं काम ऑक्टोबर ते मेमध्ये, नेमकं मासेमारीच्या दिवसांत. पावसाळी बंदीचा इथे काही उपयोग होत नाही. दोन, किनाऱ्याला येणारी मुख्य केबल. चक्क्या दूर असल्या तरी ती केबल उथळ पाण्यातून जमिनीवर येते आणि छोट्या होड्यांना खरी अडचण तिचीच होते. ती कुठे वर येणार आणि तिच्या खोदकामाच्या आधी किती आठवडे जाळी काढायला सांगणार, हे विचारा.

भरपाईचं म्हणाल तर ब्रिटनमध्येही ती बरीचशी वाटाघाटीची बाब आहे, आणि वाटाघाट पुराव्यावर चालते: त्या बोटीच्या मागच्या काही वर्षांच्या नोंदी. म्हणून सर्वेक्षण येण्याची वाट न पाहता आत्तापासून नोंद ठेवा. प्लॉटरमधल्या ट्रॅकच्या फाइल दर महिन्याला काढून दोन ठिकाणी ठेवा, कारण जुने ट्रॅक यंत्र आपोआप पुसून टाकतं. प्रत्येक फेरीला जाळं सोडल्याची आणि उचललेली जागा, वेळ, वाव, जाळ्याचा प्रकार, उधाण की भांग (लहान भरतीचे दिवस), मासळी आणि वजन लिहा. सोसायटीच्या डिझेलच्या पावत्या आणि लिलावाच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून ठेवा. ट्रॅक, डिझेल आणि विक्री या तिन्हींच्या तारखा जुळल्या की तो पुरावा सहज मोडता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच ज्या एक लाख बोटींच्या ट्रान्सपॉन्डर (बोटीची जागा कळवणारं यंत्र) योजनेची सुरुवात झाली, ते यंत्र तुमच्या बोटीवर आलं असेल तर चालू ठेवा. बरेचजण आपली जागा इतरांना कळेल म्हणून बंद ठेवतात. ती भीती मी समजतो, पण रोज शंभर बोटी जिथे जातात ती जागा सरकारी पडद्यावर रिकामी दिसली तर चक्क्यांसाठी पहिली तीच निवडली जाईल. सोसायटीने सगळ्या बोटींचे ट्रॅक एकत्र करून, बोटींची नावं काढून, महिन्यावार एकच नकाशा बनवला तर कोणाची खास जागाही उघडी पडत नाही. जागा ठरवण्याच्या टप्प्यावर तो नकाशा टेबलावर असायला हवा. चक्क्यांचे पाये एकदा निश्चित झाले की एखादी रांग सरकवणंही फार महाग पडतं आणि कोणी ती सरकवत नाही.